शाळेतला कॅमेरावाला

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या गॅदरिंगला व्हिडिओ शूटिंग करणारे एक काका येतात की नाही? नाचताना कोण चुकलं, पडद्यामागे कोण रुसून बसलं, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात असतं. रशियातल्या एका शाळेत असाच एक कॅमेरावाला होता. नाव पावेल तालान्किन, पण सगळे त्याला पाशा म्हणायचे.

युरल पर्वतात काराबाश नावाचं छोटं गाव आहे. वस्ती जेमतेम १०,०००. गावात तांबं गाळायचा कारखाना, त्याचा धूर आणि धातुमळीचे काळे ढीग. पाशा इथल्याच शाळेत शिकला आणि पुढे तिथेच कामाला लागला. त्याची आई त्याच शाळेत ग्रंथपाल. कार्यक्रम बसवायचे आणि त्यांचं चित्रण करायचं, हे पाशाचं काम. त्याच्या खोलीत मुलांचा अड्डा जमायचा. गप्पा, गाणी, दंगा, सगळं चालायचं.

आणि मग युद्ध आलं.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि त्याचे पंधरा देश झाले. रशिया आणि युक्रेन हे त्यातलेच दोन. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला चढवला. पण रशियात त्याला ‘युद्ध’ म्हणायची चोरी! म्हणायचं काय, तर ‘विशेष लष्करी मोहीम’. सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग, असा कायदाच मार्चमध्ये झाला. आणि खोटं काय, खरं काय, हे ठरवणार कोण? सरकारच!

लवकरच शाळाही बदलल्या. सप्टेंबर २०२२ पासून दर सोमवारी झेंडावंदन आणि त्यानंतर ‘महत्त्वाच्या गोष्टींविषयी गप्पा’ नावाचा तास सुरू झाला. नाव गप्पांचं, पण काय बोलायचं ते वरून लिहून यायचं. भाडोत्री सैनिक शाळेत येऊन मुलांना सुरुंग नि बंदुका दाखवून गेले. हातबॉम्ब फेकण्याच्या स्पर्धा झाल्या. आणि हे सगळं खरंच पार पडलं याचा पुरावा म्हणून चित्रण करून सरकारकडे पाठवायचं होतं. ते काम आलं पाशाकडे.

पाशाला हे पटेना. ज्या मुलांना आपण हसवायचं, त्यांच्याच तोंडी हे शब्द घालायचे? त्याने राजीनामा दिला. पण त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये राहणारा अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड बोरेनस्टाइन याच्याशी इंटरनेटवरून त्याची गाठ पडली आणि पाशाने राजीनामा मागे घेतला. का, माहीत आहे? कारण शाळेत राहिला तरच त्याला चित्रण करता येणार होतं!

मग सुमारे दोन वर्षं त्याचा कॅमेरा चालू राहिला. वरिष्ठांना वाटे, पुरावा तयार होतोय. पुरावा तयार होतच होता, पण वेगळाच. कागदावरचे अवघड शब्द वाचताना अडखळणाऱ्या बाई, कंटाळलेली मुलं, शाळा सोडून लष्करात गेलेले मोठे विद्यार्थी. त्यातले काही परत आलेच नाहीत. गावातल्या एका सैनिकाच्या अंत्यसंस्काराचं चित्रण करणं शक्यच नव्हतं. तिथला फक्त आवाज पाशाने टिपला. पडदा काळा आणि एका आईचं रडणं. बस्स.

२०२४ च्या उन्हाळ्यात पाशाने चित्रण बरोबर घेऊन देश सोडला. आई, शाळा, गाव, सगळं मागे राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ‘मिस्टर नोबडी अगेन्स्ट पुतिन’ हा माहितीपट दाखवला गेला आणि त्याला परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं.

आता जरा विचार करा. कॅमेरा तोच, वर्ग तोच, मुलंही तीच. मग एकदा तो प्रचार आणि एकदा तो माहितीपट, असं कसं? गंमत आहे ती पुढे-मागे काय दाखवलं यात. सरकारला हवा होता फक्त झेंडा आणि पाठ केलेलं उत्तर. पाशाने त्याच्या आधीचा आणि नंतरचा क्षणही ठेवला. मुलं जांभया देतात तो, आणि एखादी मुलगी युद्धावर गेलेल्या भावाच्या आठवणीने गप्प होते तोही.

पण माहितीपट म्हणजे शंभर टक्के सत्य, असंही समजू नका हं! तिथेही कोणीतरी निवडतं, कोणीतरी कात्री चालवतं. शिवाय एक अवघड प्रश्न उरतोच. आपले चेहरे जगभर दिसणार आहेत, हे वर्गातल्या त्या मुलांना कुठे ठाऊक होतं? पाशाने धोका स्वतःच्या खुशीने पत्करला, पण मुलांचं काय? हा प्रश्न आई-बाबांबरोबर बसून जरूर बोला. त्याचं सोपं उत्तर नाही.

आणि यापुढे टीव्हीवर किंवा मोबाईलवर एखादं दृश्य पाहून रक्त उसळलं, तर क्षणभर थांबा. स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे कोणी टिपलं? कोणासाठी टिपलं? आणि याच्या आधी नि नंतर काय घडलं असेल?

काराबाशच्या सोमवारच्या तासाला या प्रश्नांना जागा नव्हती. तुमच्या वर्गात आहे ना? मग विचारा की!