प्रवासांतला दुसरा कॅमेरा

दूरच्या प्रवासाची तयारी करतांना पुष्कळांच्या मनांत एक प्रश्न येतो : कॅमेरा एकच न्यावा, कीं दुसराहि जवळ असावा? दुसरा कॅमेरा म्हणजे अधिक ओझें, अधिक खर्च व अधिक राखण. मग त्यापासून लाभ कोणता, हें पाहूं.

प्रथम एक खरा प्रसंग सांगतों. शॅकल्टन यांच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाच्या मोहिमेंत फ्रँक हर्ले हे छायाचित्रकार होते. १९१५ सालीं त्यांचें 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फांत चिरडलें जाऊन बुडालें. जड कॅमेरे टाकून देणें भाग पडलें. पाण्यांतून काढलेल्या कांचेच्या प्लेटांपैकीं शंभराहून अधिक निवडून हर्ले यांनीं जवळ ठेवल्या. उरलेल्यांचा मोह पडूं नये म्हणून त्या फोडून टाकल्या. त्यांच्यापाशीं राहिला तो खिशांत मावणारा एक लहान कोडॅक कॅमेरा व फिल्मचीं तीन रिळें. १९१६ सालीं एलिफंट बेटावर बावीस माणसें सुटकेची वाट पहात होतीं. त्या दिवसांचीं चित्रें आज आपण पाहतों, तीं या लहान कॅमेऱ्याचीं.

आतां आपल्याकडील व्यवहार पाहूं. कोंकणांतील दमट हवेंत भिंगावर बुरशी धरते. वातानुकूलित खोलींतून एकदम बाहेर आल्यास त्यावर दंव जमतें. किनाऱ्यावरची वाळू यंत्रांत शिरते. लडाखच्या थंडींत बॅटरी लवकर उतरते. यांपैकीं पुष्कळ अडचणींस दुसरा कॅमेरा हा उपाय नव्हे. कॅमेरा पिशवींत बंद ठेवूनच बाहेर आणावा व थोड्या वेळानें उघडावा. जादा बॅटरी अंगावरच्या आंतल्या खिशांत ठेवावी. विमानानें जातांना अशा सुट्या लिथियम बॅटऱ्या हातांतल्या सामानांतच न्याव्या लागतात, हेंहि ध्यानांत असावें.

शिवाय आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. तोच बहुतेकांचा दुसरा कॅमेरा होय. मात्र दोन्ही एकाच पिशवींत ठेवल्यास चोर दोन्ही नेईल. खरोखर दुसरा कॅमेरा घ्यावयाचा, तर पहिल्याचीच बॅटरी व भिंगें ज्यास चालतात, असा घ्यावा. नाहीं तर सामानाचें लटांबर मात्र वाढेल.

निर्णयाची कसोटी माझ्या मतें एकच : हा प्रवास पुन्हां घडेल काय? महाबळेश्वरास पुढच्या वर्षींहि जातां येईल. तेथें एक कॅमेरा पुरे. परंतु कैलास-मानसरोवर, किंवा वृद्ध आईस घेऊन केलेली काशीयात्रा, हे योग वारंवार येत नाहींत. तेथें दुसऱ्या कॅमेऱ्याचें ओझें आनंदानें वाहावें.

आणि एक गोष्ट या दोहोंहून महत्त्वाची. कॅमेरा पुन्हां विकत मिळतो, घेतलेलें चित्र मिळत नाहीं. म्हणून रोज रात्रीं निजण्यापूर्वीं त्या दिवसाच्या चित्रांची प्रत दुसऱ्या ठिकाणीं उतरवून ठेवावी व ती निराळ्या पिशवींत असावी. हर्ले यांनीं मोठे कॅमेरे सोडले, परंतु निवडलेल्या प्लेटा सोडल्या नाहींत.