एसीच्या कॉइलवर बर्फ धरला तर

चंडीगडमध्ये मे-जूनची धुळीची वादळं सरतात, जुलैचा दमटपणा येतो आणि एसीची हवा एकाएकी मंदावते. झाकण उघडावं, तर कॉइलवर पांढरा बर्फ! फिल्टर धुळीने बुजला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. कॉइलचं तापमान 0 अंशाखाली उतरतं आणि हवेतली वाफ तिथेच गोठते. अशा वेळी कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, खाली टॉवेल अंथरा. काही तासांत बर्फ वितळेल. सुरीने खरवडू नका; कॉइलच्या नळीला भोक पडून गॅस जाईल. फिल्टर धुऊन, सावलीत वाळवून बसवा. पुन्हा बर्फ धरला, तर बहुधा गॅस गळतोय. मेकॅनिककडून आधी गळती बुजवून घ्या, मगच गॅस भरा.