‘बस’ अजून धावतेय

अकरावीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: संगणक-जाळ्याच्या बस, रिंग, स्टार या रचना आम्ही पाठ करतो, पण ‘बस’ आता कुठे दिसते तरी का?

दिसते की! तुमच्याच घरात, हवेत.

जून 1971. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि मंडळींनी वेगवेगळ्या बेटांवरून मुख्य संगणकाशी रेडिओने बोलायची सोय केली. बोलायला वाहिनी एकच. ज्याला बोलायचंय त्याने बेधडक बोलावं. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया. पोच आली नाही की जरा थांबून पुन्हा बोलायचं. किती थांबायचं? ते नशिबावर! मला यातली ही मेख फार आवडते. फोनवर दोघं एकदम ‘बोला’ म्हणतात, एकदम गप्प होतात, पुन्हा एकदम ‘नाही, तुम्ही बोला’. दोघांनी मनातल्या मनात फासा टाकून तेवढं थांबायचं ठरवलं, तर कोंडी फुटते. तरीही या पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त 18 टक्केच क्षमता कामी येते.

1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी हा खेळ वायरीत आणला. आता आधी कान द्यायचा, मग बोलायचं, आणि टक्कर झालीच तर दरवेळी फाशाची मर्यादा दुप्पट करायची. नाव ठेवलं इथरनेट. प्रकाश वाहून नेणारं माध्यम म्हणून मानलेला आणि भौतिकशास्त्राने कधीच निकालात काढलेला इथर असा जाड केबलच्या रूपाने परतला! कल्पना मेटकाफ यांची, पण ती प्रत्यक्ष चालती केली हॅम रेडिओवाल्या डेव्हिड बॉग्ज यांनी. 2022 चं ट्युरिंग पारितोषिक एकट्या मेटकाफना मिळालं. त्याच्या घोषणेआधीच बॉग्ज वारले होते.

सगळ्यांची मिळून एकच केबल, हीच ती ‘बस’. तिचा जाच असा, की केबल एका जागी तुटली की सगळेच मुके. म्हणून ऑफिसांनी स्टार रचना धरली. मधे स्विच, प्रत्येकाला पीळ दिलेल्या तांब्याच्या तारांच्या स्वतःच्या जोड्या, टकरीच संपल्या.

आणि मग वायफाय आलं. राउटर मधे, म्हणजे चित्रात स्टारच. पण हवा सामायिक, म्हणजे वागण्यात ‘बस’च! तुमचा फोन, टीव्ही आणि त्याच चॅनेलवरचा शेजाऱ्यांचा राउटर, सगळे आळीपाळीने बोलतात. त्यातून बोलताना वायफायला इतरांचं ऐकू येत नाही, म्हणून फासा आधीच टाकावा लागतो.

तेव्हा जागचं न हलणाऱ्या टीव्हीला नि डेस्कटॉपला राउटरपासून वायर ओढा. हवा फोनला राहू द्या.