शेवाळ खाणारा समुद्री मासा : घरात आणण्यापूर्वी

‘टाकीत शेवाळ फार धरतं हो, ते खाणारा एखादा मासा द्या!’ रंगीत माशांच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येते. गोड्या पाण्याची टाकी असेल तर दुकानदार काळपट रंगाचा, काचेला चिकटून बसणारा ‘सकर’ मासा पिशवीत घालून देतो. समुद्री टाकीची हौस असेल, तर मोठ्या शहरातून किंवा ऑनलाइन मागवायच्या यादीत ‘टँग’ हे नाव येते. लिंबासारखा पिवळाधमक, थाळीसारखा चपटा असा हा मासा दिवसभर दगडावरचे शेवाळ कुरतडत फिरतो.

हौसेला मोल नसते हे खरे. पण वाचकहो, मासा म्हणजे केरसुणी नव्हे. टाकी साफ करण्यासाठी आणलेला सकर हाताएवढा वाढला की लोक त्याला तळ्यात सोडून देतात. आज देशातील अनेक जलाशयांत या परक्या माशाने मच्छिमारांना जेरीस आणले आहे. समुद्री टँग आपल्या उणकल तळ्यात सोडला तर तो जगणारच नाही. म्हणजे आणण्याआधी विचार करायचा तो इथेच.

पाण्यातले गुरू

आपण ज्याला शेवाळ म्हणतो त्याला कन्नडमध्ये ‘पाची’ म्हणतात. गुरे चरतात त्याला कन्नडमध्ये ‘मेयु’ हा शब्द आहे. पिवळ्या टँगला तो अगदी चपखल बसतो. हा मासा प्रशांत महासागरातला, विशेषतः हवाई बेटांजवळचा. तेथील खडकांवर आणि प्रवाळांवर वाढणारे शेवाळ तो सतत चरतो, त्यामुळे प्रवाळ शेवाळाखाली गुदमरत नाहीत. समुद्री कासवांच्या पाठीवरचे शेवाळही हे मासे खाऊन साफ करतात.

चरणाऱ्या जनावराला चारा आणि रान दोन्ही लागते. टाकीतले शेवाळ हा मासा थोड्याच दिवसांत संपवतो आणि मग उपाशी राहतो. पोट आत गेलेला, डोक्यामागे खंगलेला टँग हा बहुधा भुकेलेला टँग असतो. म्हणून त्याला रोज वाळवलेले समुद्री शेवाळ चिमट्याला लावून द्यावे लागते. ‘नोरी’ नावाने मिळणाऱ्या पापडासारख्या पातळ चकत्या चालतात, मात्र त्या बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या हव्यात. जोडीला वनस्पतिजन्य दाणेही द्यावेत. पोहायलाही ऐसपैस जागा हवी. पूर्ण वाढलेला टँग वीतभर होतो, त्याला किमान चार फूट लांबीची, चारशे लिटरच्या आसपासची टाकी लागते. टीपॉयवरच्या टाकीत तो ठेवणे म्हणजे बैल न्हाणीघरात बांधण्यासारखे आहे. लहान टाकीतल्या शेवाळाला समुद्री गोगलगायी पुरेशा आहेत.

आणखी एक. टँग ज्या कुळातला आहे त्याला ‘सर्जनफिश’ म्हणतात. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा धारदार काटा असतो. मुलांनी त्याला हाताने पकडायला जाऊ नये.

नेमो सोपा, टँग अवघड

२००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने घराघरांत ‘अप्पा, मीनु बेकु’ असा हट्ट सुरू झाला. त्यातला निमो हा क्लाउनफिश, तर त्याची विसराळू मैत्रीण डोरी ही टँगच्याच कुळातली. दोघांत एक मोठा फरक आहे.

क्लाउनफिश खडकावर अंडी चिकटवतो, नर त्यांची राखण करतो आणि आठवडाभरात बऱ्यापैकी धडधाकट पिल्ले बाहेर येतात. त्यामुळे त्याची पैदास माणसाला लवकर साधली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेल माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवले. नवी मुंबईत ऐरोलीलाही समुद्री शोभिवंत माशांचे उबवणी केंद्र उभे राहिले.

टँगचे तसे नाही. नर-मादी पाण्यातच अंडी सोडून मोकळे होतात. मिलिमीटरपेक्षाही लहान अंडी प्रवाहाबरोबर तरंगत जातात. बाहेर पडलेल्या पिल्लाला सुरुवातीला धड तोंडही नसते. तोंड फुटले की त्याला डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ‘कोपेपॉड’ जीवांची त्याहूनही बारीक पिल्ले खायला लागतात. अशी सुमारे दोन महिने जपणूक झाली तर कुठे मासा आकाराला येतो. हवाई पॅसिफिक विद्यापीठाच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटला अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २०१५ मध्ये पिवळ्या टँगच्या पैदाशीत यश आले. पुढच्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डोरीच्या जातीची पिल्लेही वाढली.

या यशाचे महत्त्व मोठे आहे. त्याआधी बाजारातला प्रत्येक पिवळा टँग समुद्रातून धरून आणलेला असे. हवाईच्या किनाऱ्यावरून दर वर्षी लाखोंच्या संख्येने हे मासे पकडले जात. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचा अभ्यास झाल्याशिवाय अशा मासेमारीचे परवाने देता येणार नाहीत, असा निकाल दिला. शेवाळ चरणारे मासेच उचलून नेले तर प्रवाळांची राखण कोण करणार? आपल्या मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाभोवतीही प्रवाळ आहेत. भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे, ही गोष्ट टाकी सजवताना विसरू नये.

म्हणून टँग घ्यायचाच, तर बंदिवासात जन्मलेलाच घ्यावा. तो लहानपणापासून माणसाने दिलेले दाणे खातो, टाकीला बुजत नाही आणि समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो. तो महाग पडतो, पण ती किंमत योग्य आहे.

समुद्र आणायचा कुठून?

कारवार आपल्यापासून तीन-चार तासांवर. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभागही तिथेच, कोडीबागला आहे. मग कॅन भरून समुद्राचे पाणी का आणू नये? कारण काळी नदी तिथे समुद्राला मिळते आणि पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी अळणी होते. शिवाय त्यात काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. शुद्ध पाण्यात मत्स्यालयाचे खास मीठ मिसळणे हाच खात्रीचा मार्ग. प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. चारशे लिटरच्या टाकीला सुरुवातीलाच १४ किलो मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही.

बोअरचे जड पाणी किंवा क्लोरीनचे नळाचे पाणीही थेट चालत नाही, आरओचे लागते. दर पंधरवड्याला चाळीस लिटर पाणी बदलायचे म्हटले, तर घरगुती आरओ यंत्रातून ८० ते १२० लिटर पाणी वाया जाते. सौंदत्तीच्या धरणातून मलप्रभेचे पाणी येत असूनही आपल्या जुळ्या शहरांतील अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून ते वाया जाणारे पाणी फरशी पुसायला वापरण्याची सोय आधी करावी, मग टाकी आणावी.

उन्हाळ्यात पाणी २७ अंशांच्या फार वर जाऊ देऊ नये. पंख्याने ते गार होते, पण वाफही जास्त होते. वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचेच पाणी घालावे, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा. आणि नव्या टाकीत पहिल्या दिवशी मासा सोडू नये. माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. टँगसाठी तर त्याहून जास्त थांबावे.

घरच्यांनी ठरवायचे

समुद्रात पिवळा टँग चाळीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. नववीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला मासा, मुलगा शिकायला बेंगळुरू-पुण्याला गेला तरी घरातच राहतो. मग रोज चिमट्याला शेवाळ लावणार कोण, बादल्या उचलणार कोण? बहुतेक घरांत हे काम आईच्या किंवा अज्जीच्या गळ्यात पडते. ‘यारु नोड्कोळ्तारे?’ हा प्रश्न खरेदीच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून सोडवावा, आणि ज्यांच्यावर काम पडणार त्यांचे मत आधी घ्यावे.

एवढा खटाटोप झेपणार नसेल, तर गोव्यात ‘काळुंदर’ आणि केरळात ‘करीमीन’ म्हणून ओळखला जाणारा आपल्याच खाडीतला मासा आहे. तो निमखाऱ्या पाण्यात राहतो, शेवाळ खातो, त्याची पैदास आपल्याकडे होते आणि आई-बाप दोघे मिळून पिल्लांची राखण करतात. टाकी त्यालाही मोठीच लागते, पण मिठाचा हिशेब हलका होतो.

टँगच हवा असेल, तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. हा मासा कुठल्या उबवणी केंद्रात जन्मला? त्याचा कागद आहे का? माझ्यासमोर त्याला दाणे घालून दाखवता का? उत्तरे टाळली गेली तर रिकाम्या हाताने घरी परत यावे.