‘लिबरल’ म्हणजे कोण?

इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, नामदार गोखले उदारमतवादी होते, म्हणजे ते पुष्कळ दानधर्म करीत असत काय?” वर्ग हसला. परंतु चूक त्या मुलाची नव्हती. ‘लिबरल’ या शब्दाला आपण ‘उदार’ हा प्रतिशब्द योजिला, तेव्हाच हा घोटाळा सुरू झाला.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘स्वतंत्र मनुष्यास शोभणारे’ असा आहे. गुलामांनी करावयाची कामे निराळी आणि स्वतंत्र नागरिकाने शिकावयाच्या विद्या निराळ्या. त्या विद्यांना हे विशेषण लागले. सढळ हात हाही स्वतंत्र मनुष्याचाच गुण, म्हणून दातृत्वाचा अर्थ त्यास चिकटला.

राजकारणात हा शब्द स्पेनमधून आला. १८१२ साली कादिझ येथे राजसत्तेस राज्यघटनेने बांधून घेणारे जे लोक होते, त्यांना ‘लिबेराल’ म्हणत. १८२० साली पोर्तुगालमध्ये याच मताची क्रांती झाली आणि गोव्याला लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी पाठविता आले. बेर्नार्दो पेरिश दा सिल्व्हा हे गोमंतकीय गृहस्थ १८३५ साली गोव्याचे मुख्य प्रशासक झाले; थोड्याच दिवसांत बंड होऊन त्यांना पदच्युत व्हावे लागले, ही गोष्ट वेगळी. पण त्याच उदारमतवादी राजवटीने संन्यस्त संघांचे मठही बंद केले! एकाच गावात एका घरी हा शब्द मताधिकाराची आठवण देई, तर दुसऱ्या घरी कुलूप लागलेल्या मठाची. पोप नववे पायस यांनी १८६४ साली उदारमतवादाचा निषेध केला, तो ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून आम्हा कॅथलिकांनाही नीट उमगत नाही.

आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी इंग्लंडातील ग्लॅडस्टनच्या परंपरेतून हा शब्द घेतला. प्रतिपक्षाने त्यांस ‘मवाळ’ म्हटले. १९१८ साली त्या मताच्या लोकांनी स्वतंत्र पक्ष काढला, तो मराठीत ‘प्रागतिक’ झाला. आज अमेरिकेत ‘लिबरल’ म्हणजे सरकारने लोककल्याणाचा भार उचलावा असे म्हणणारा; आपल्याकडे १९९१ नंतरचे ‘उदारीकरण’ म्हणजे सरकारने व्यापारातून हात आखडता घ्यावा. शब्द तोच!

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, १९११ साली गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण क्रमाक्रमाने सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. “म्हणजे ते मुलांचा हक्क मागत होते?” त्याने विचारले. मी म्हटले, “होय. दान नव्हे.”