बागेतले घर : कर आणि सूट

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांपैकी कोणी राहत्या घरामागच्या बागेत दुसरे घर बांधू पाहतो. बांधकामाची परवानगी मिळाली म्हणजे झाले, असे त्यास वाटते. परंतु २००८ च्या कायद्यानुसार व २०१० च्या नियमांनुसार तेथील कौन्सिलला रस्ते, शाळा आदी सोयींसाठी ‘कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही’ हा कर बसविता येतो. समजा, दर चौरस मीटरला १०० पौंड आहे. तर १२० चौरस मीटरच्या घरास १२,००० पौंड होतात. १०० चौरस मीटरहून लहान बांधकामास माफी असते. पण स्वतंत्र नव्या घरास ती मिळत नाही.

स्वतःच्या राहण्यासाठी बांधणाऱ्यास २०१४ पासून सूट आहे. मात्र कुदळ मारण्यापूर्वी सुटीचा अर्ज मंजूर झालेला हवा व काम सुरू करण्याची लेखी सूचनाही दिलेली हवी. घर पुरे झाल्यावर सहा महिन्यांत पुरावे द्यावेत आणि तीन वर्षे तेथेच राहावे. मध्येच घर विकले वा भाड्याने दिले, तर पूर्ण कर भरावा लागतो.

बँकेत आम्ही रोज पाहतो, माणसे रकमेपेक्षा तारखेने जास्त बुडतात. म्हणून शिकलेल्या मुलांनी वडीलधाऱ्यांना अर्ज वाचून, समजावून द्यावा. आधी कागद, मग कुदळ!