पौल सुटला का?

गेल्या थंडीत एका जुन्या विद्यार्थ्याचे तुरुंगातून पत्र आले. सायखेड्याच्या शाळेत मी त्याला मराठी शिकवले. बांधावरून झालेल्या मारामारीच्या गुन्ह्यात तो सव्वादोन वर्षे आत आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही. पत्रात आईची चौकशी होती, स्वेटर पाठवायला सांगितले होते आणि शेवटी एक प्रश्न होता. बराकीत कोणी भेटीला आलेल्या मंडळींनी 'नवा करार' दिला होता, तो त्याने वाचला. 'प्रेषितांची कृत्ये' हे प्रकरण दोनदा वाचले, पण शेवट सापडेना. "सर, पौल सुटला का? माझ्या पुस्तकाची पाने फाटलेली असावीत. तुमच्याकडच्या प्रतीत बघून कळवा."

मी ख्रिस्ती नाही. 'ख्रिस्तपुराण' शिकवताना संदर्भ लागत, म्हणून पवित्र शास्त्राची एक प्रत घरात होती. तीच काढून पाहिली. पाने शाबूत होती. पुस्तकच तिथे थांबते. पौल रोममध्ये स्वतःच्या भाड्याच्या घरात, पहाऱ्यावरच्या शिपायासह दोन वर्षे राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत राहिला, आणि संपले. निकाल नाही. एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते. ते बराकीतल्या मुलाच्या आले, कारण तो निकालच शोधत होता.

या एका प्रश्नामागे जाता जाता मी बरेच वाचले. ख्रिस्ती धर्मात कैद्याला इतके महत्त्वाचे स्थान का आहे आणि कैद्याला दिलेली ती 'आशा' नेमकी कशाची, हे त्यातून थोडे उलगडले.

पहिली गोष्ट अशी की पौल शिक्षा भोगणारा कैदी नव्हता. आजच्या आपल्या भाषेत तो कच्चा कैदी. रोमन जगात कोठडी ही प्रामुख्याने शिक्षा नसून थांबवून ठेवण्याची जागा होती. दंड, हद्दपारी, खाणीतली मजुरी, मृत्यू या शिक्षा. त्यांचा निर्णय होईपर्यंत माणूस साखळीत. कैसरियात पौल अशी दोन वर्षे बसून होता. सुभेदार फेलिक्स त्याला अधूनमधून बोलावून घेई, कारण त्याच्याकडून काही पैसे सुटतील अशी त्याला अपेक्षा होती. बदली झाली तेव्हा विरोधकांची मर्जी राखायला त्याने पौलाला तसाच आत ठेवला. पुढच्या सुभेदारासमोर पौलाने कैसराकडे दाद मागितली. मग राजा अग्रिप्पा म्हणाला, याने ती दाद मागितली नसती तर हा सुटला असता! न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखा मोजलेल्या कोणालाही ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची वाटणार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 2022ची आकडेवारी पाहा. देशाच्या तुरुंगांत 5,73,220 कैदी, पैकी 4,34,302 न्यायाधीन. म्हणजे चारांत तीन कच्चे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479ने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काढलेल्याला, जामिनाची वाट करून दिली आहे. पण फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यांना ती वाट नाही. आमचा मुलगा त्यातच बसतो. शिक्षा झालेला माणूस भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजू शकतो. कच्च्या कैद्याने कुठून कुठे मोजायचे?

दुसरी गोष्ट पोटाची. त्या काळी कोठडीतल्या माणसाला पोटभर अन्न देण्याची जबाबदारी सरकार घेत नसे. नातेवाईक, मित्र बाहेरून आणून देत, नाहीतर उपाशी. त्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवशी भुकेलेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र या यादीतच कैद्याची भेट येते, तेव्हा तिचा अर्थ खुशाली विचारणे एवढाच नाही. भेट म्हणजे शिदोरी. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पौलाला मदत पाठवली. तो वाटेवर किंवा तिथे पोचून मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. पौलाने त्याला परत पाठवले आणि सोबत जे आभाराचे पत्र दिले तेच 'फिलिप्पैकरांस पत्र'. ते रोममध्ये लिहिले, कैसरियात की इफिसात, यावर अभ्यासकांत वाद आहे. कोठडीतून लिहिले यावर नाही. जगभर धर्मग्रंथ म्हणून वाचला जाणारा हा मजकूर मुळात डबा पोचल्याची पोच आहे, हे मला फार आवडते.

त्याहून घरगुती मजकूर तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. हे पत्र खुद्द पौलाचे की त्याच्या शिष्यांपैकी कोणाचे, याबद्दल मतभेद आहेत. पण मागणी पाहा: त्रोवसात राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, आणि हिवाळ्याआधी ये. आमच्या निफाड तालुक्यात थंडी काय असते हे राज्याला दर वर्षी बातम्यांतून कळते. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. स्वेटरची ओळ आणि झग्याची ओळ मी एकाच संध्याकाळी वाचली.

आता आशा. आपल्याकडे या शब्दाचे फारसे चांगले नाव नाही. आशाळभूत, आशेला लावणे, वेडी आशा. एक सुभाषित तर आशेला विलक्षण साखळी म्हणते: तिने बांधलेले धावत सुटतात आणि तिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे जागीच बसतात. बेडी हीच उपमा! साहजिकच प्रश्न पडतो की खरोखरच साखळीत असलेला माणूस याच शब्दाने काय म्हणू पाहत होता. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल सुटकेची खात्री देत नाही. जगणे की मरणे यांत मी पेचात आहे असे सांगतो, जगेन असे वाटते असेही सांगतो. पण त्याची आशा त्या निकालावर उभी नाही. ती ख्रिस्तावर आहे. ज्याची ती श्रद्धा नाही त्याला, म्हणजे मलाही, तिथपर्यंत जाता येत नाही. एवढे मात्र दिसते की या माणसाने आशा तारखेपासून सोडवून घेतली होती. निकाल त्याच्या हातात नव्हता. आज कोणाला पत्र लिहायचे, पहाऱ्यावरच्या शिपायाशी कसे बोलायचे, हे होते.

हे सांगताना एक धोका आहे. 'आत बसूनही आनंदी राहा' हा उपदेश बाहेरच्या माणसाला फार स्वस्तात करता येतो. आपल्या मराठीतल्या एका मोठ्या ख्रिस्ती कवीने तो मार्ग घेतला नाही. 'ख्रिस्तपुराण' 1616मध्ये छापून निघाले, पण त्याआधी तेहेतीस वर्षे, 1583च्या अखेरीस, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात वेगळ्याच खटपटीत होते. न्यूबेरी, फिच, लीड्स आणि स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझला हेर म्हणून पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले होते. स्टीफन्स आणि एक फ्लेमिश पाद्री यांनी व्हाइसरॉयकडे रदबदली केली, आणि 22 डिसेंबरला चौघे हमीवर बाहेर आले. फिचने हे उपकार पुढे कृतज्ञतेने नोंदवून ठेवले. चौघांपैकी स्टोरी हा चित्रकार जेझुइटांकडेच गेला. न्यूबेरी, फिच आणि लीड्स मात्र पुढच्या एप्रिलमध्ये गोव्यातून पसार झाले. हमी देणाऱ्याचे काय झाले असेल ही काळजी मला उगाच लागून राहिली आहे. सातबारा घेऊन जामीन राहायला कोण तयार होते, हे मी या दोन वर्षांत पाहिले आहे.

याच गोव्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. इन्क्विझिशन तिथे 1560पासून होते. 'कैद्याला भेट' असे सांगणाऱ्या धर्माच्याच नावाने तिथे कोठड्या बांधल्या गेल्या, आणि आत टाकलेल्याला आरोप कोणी केला हेही सांगत नसत. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याने त्या कोठडीत जीव देण्याचा प्रयत्न केला. सुटल्यावर त्याने लिहिलेला वृत्तांत 1687मध्ये निघाला, अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो घेतला आहे. देलाँला छळापेक्षा एकांत असह्य झाला, असे वाचताना वाटते. त्याच्याकडे कोणी एपफ्रदीत येऊ शकत नव्हता.

आणि अगदी अलीकडचे. जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना 8 ऑक्टोबर 2020 रोजी रांचीत अटक झाली. वय 83, पार्किन्सनने हात थरथरत, पेला धरता येईना, म्हणून नळी आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. तळोजा तुरुंगातून मित्रांना लिहिताना त्यांनी सांगितले ते मुख्यतः इतरांबद्दल: सहकैदी आपल्याला जेवायला, आंघोळीला कशी मदत करतात, आणि किती गरीब माणसांना आपल्यावरचा आरोप काय हेच ठाऊक नाही. 5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले. जामिनाचा अर्ज प्रलंबित होता. तेही कच्चे कैदीच.

मुलाला उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, 'निकालाला महत्त्व नाही.' ते फाडून टाकले. त्याला महत्त्व आहे, त्याच्या आईला आहे. शेवटी जे माहीत आहे तेवढेच लिहिले. पुस्तकाची पाने पूर्ण आहेत. परंपरा सांगते की पौल पुढे नीरोच्या काळात रोममध्ये मारला गेला; मध्ये एकदा सुटला होता असेही काही जण मानतात. पुस्तक लिहिणाऱ्याने मात्र त्याला भाड्याच्या घरात, दार उघडे ठेवून बोलत असतानाच सोडले आहे. फिलिप्पैचा प्रसंग पुन्हा वाच, असेही सुचवले: मध्यरात्री पाय खोड्यात असताना पौल आणि सीला गात होते, भूकंपाने दारे उघडली, तरी कोणी पळाले नाही, आणि कैदी पळाले समजून तलवार उपसलेल्या तुरुंगाधिकाऱ्याला आधी पौलाने धीर दिला.

त्याचे उत्तर पावसाळ्यात आले. गोदेला पूर होता, सायखेडा-चांदोरी पूल बंद होता, पत्र उशिरा पोचले. भूकंपाबद्दल त्याने काहीच लिहिले नव्हते. लिहिले होते की बराकीत एक म्हातारा बंदी आहे, त्याला लिहिता येत नाही. त्याची दोन पत्रे मी लिहून दिली, तिसऱ्यासाठी पोस्टाची पाकिटे पाठवा. स्वेटर पोचला आहे, बाह्या आखूड आहेत. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.

पाकिटे पाठवली. मावशींनी नव्या स्वेटरला लोकर आणली आहे, या वेळी मोजमाप विचारून घेतले आहे.